जिओपाय २.४.१ : इंदूरच्या पत्त्यांवर पारखलेली लायब्ररी

पत्ता द्या, अक्षांश-रेखांश घ्या. जिओपायचे काम एवढेच. पायथनसाठीची ही ओपन-सोर्स लायब्ररी एमआयटी परवान्यावर मोफत मिळते आणि नॉमिनॅटिम, फोटॉन, गुगल, हिअर, टॉमटॉम, अझ्युर मॅप्स, आर्कजीआयएस अशा कितीतरी सेवांशी एकाच पद्धतीने बोलते. तिच्याकडे स्वतःचा नकाशा नाही, पत्त्यांचा साठा नाही. ती नुसता मधला दुवा आहे. म्हणून तिच्यात किती सेवा आहेत हे मोजून तिची पारख होत नाही. पलीकडची सेवा बदलली, महागली किंवा बंदच पडली तर ही लायब्ररी आपल्याला वेळेवर आणि स्पष्ट सांगते का, यावर तिची किंमत ठरते. या कसोटीला जिओपाय बहुतांशी उतरते. एका जागी मात्र ती चांगलीच घसरते, आणि ती जागा नेमकी नवख्या माणसाच्या वाटेत आहे.

इंदुरात हे काम बहुधा छोट्या गटांच्या गळ्यात पडते: घरपोच डबे देणारे, रक्ताचे नमुने घरून नेणाऱ्या प्रयोगशाळा, दिवाळी अंक घरोघर पोचवणारी मराठी मंडळे. हाताशी एक्सेलची एक फाइल, तिच्यात दोन-तीन हजार पत्ते, काही मराठीत, काही हिंदीत, उरलेले इंग्रजीत. ते नकाशावर टाकून पोचवणाऱ्या मुलांच्या फेऱ्या पाडायच्या असतात. पुढचे सगळे अशा वापराला धरून लिहिले आहे.

बसवायला एक ओळ पुरते: पिप इन्स्टॉल जिओपाय. २.४.१ ही नोव्हेंबर २०२३ मधली आवृत्ती. तिला पायथन ३.७ किंवा त्यापुढचे लागते. सक्तीचे जोड-पॅकेज एकच, जिओग्राफिकलिब, आणि तेही अंतर मोजण्यापुरते. मात्र 'रिक्वेस्ट्स' हे पॅकेजही सोबत टाकून घ्यावे. ते सापडले की जिओपाय आपोआप तेच वापरते आणि एकदा उघडलेली जोडणी पुढच्या पत्त्यांनाही कामी येते. नाही तर ती पायथनच्या अंगच्या यूआरएललिबवर चालते, जी दर पत्त्याला नवी जोडणी उघडते. हजारोंच्या यादीत हा फरक चांगलाच जाणवतो.

प्रत्येक सेवेचा वर्ग (क्लास) वेगळा असला तरी हाका, म्हणजे विचारणा, दोनच: पत्त्यावरून बिंदू हवा तर जिओकोड, बिंदूवरून पत्ता हवा तर रिव्हर्स. उत्तरादाखल 'लोकेशन' हाती येते. त्यात लॅटिट्यूड, लाँगिट्यूड, ॲड्रेस आणि रॉ. पहिल्या तिन्हींची जबाबदारी लायब्ररी घेते. रॉ म्हणजे सेवेने जे धाडले ते जसेच्या तसे, त्याची हमी कुणीच देत नाही. सेवेने आपल्या उत्तराची मांडणी बदलली की तो बदल थेट तुमच्या कोडमध्ये शिरतो तो याच दारातून. म्हणून रॉला हात लावणारे सगळे कोड एकाच फंक्शनमध्ये ठेवावे आणि बाकी प्रोग्रामला रॉ दिसूच देऊ नये. सेवा बदलायची वेळ आली तर मग एवढे एकच फंक्शन नव्याने लिहावे लागते.

सेवा जातात, तेव्हा

जिओपायचा बदलांचा वृत्तांत वाचला तर गेल्या काही वर्षांत नकाशासेवांचे काय काय झाले ते सगळे त्यात उमटलेले दिसते. मॅपझेन ही लोकप्रिय सेवा १ फेब्रुवारी २०१८ ला बंद पडली. जेमतेम महिनाभर आधी तशी घोषणा झाली होती. पण तिच्या पोटातले सॉफ्टवेअर, पेलियास, ओपन-सोर्स होते. जिओपायमध्ये आज मॅपझेनचा वर्ग नाही, पेलियासचा आहे, आणि पेलियासवर चालणाऱ्या जिओकोड अर्थचाही आहे. ज्यांनी हाक लायब्ररीमार्फत मारली होती त्यांना वर्गाचे नाव, सर्व्हरचा पत्ता आणि चावी (सेवा ग्राहकाला देते तो ओळख-कोड, एपीआय-की) बदलून पुढे जाता आले. अल्गोलिया प्लेसेसचे तसे झाले नाही. ३१ मे २०२२ ला ती सेवा थांबली, मागे चालवण्यासारखे काही उरले नाही, आणि जिओपायने तो वर्ग सरळ काढून टाकला.

हे काढणे बरोबरच होते, आणि ते कसे केले हे लक्षात घ्यावे. नियमाने पाहिले तर वर्ग काढणे म्हणजे जुने कोड मोडणारा बदल. त्यासाठी आवृत्तीचा पहिला आकडा बदलायला हवा. जिओपायने तसे न करता तो २.३ मध्ये काढला. कुणी म्हणेल ही बेशिस्त. पण पलीकडे कोणीच उचलत नसताना तो वर्ग ठेवून कोणाचा फायदा? उलट वर्ग आयात (इम्पोर्ट) करतानाच प्रोग्राम थांबला तर चूक दुकान उघडण्याआधी कळते. मेलेली सेवा जिवंत असल्यासारखी दाखवत राहणे ही याहून मोठी फसवणूक ठरली असती.

गुगलच्या बाबतीत लायब्ररीने जास्त हळू पावले टाकली. २०१८ च्या मध्यापासून गुगलने प्रत्येक हाकेला चावी सक्तीची केली. जिओपाय आधी नुसता इशारा देत राहिली; २.१ पासून चावीशिवाय वर्ग तयारच होत नाही, तिथेच कॉन्फिगरेशनएरर येतो. आधी इशारा, मग पुढच्या एखाद्या आवृत्तीत सक्ती, ही या लायब्ररीची नेहमीची रीत. जून २०२० मध्ये २.० आली तेव्हा पायथन २.७ चा आधार गेला, अंतर मोजणारे व्हिन्सेंटीचे सूत्र गेले, बरेच काही बदलले. पण १.x च्या शेवटच्या आवृत्त्या त्यातल्या बहुतेक बदलांची सूचना आधीपासून देत होत्या. ज्यांनी त्या इशाऱ्यांकडे लक्ष दिले त्यांचे स्थलांतर अर्ध्या दिवसाचे झाले. अडचण एवढीच की पायथन काही प्रकारचे इशारे मुळात दाखवतच नाही. प्रोग्राम 'डब्ल्यू-डी' हा पर्याय लावून चालवला तरच ते सगळे दिसतात. आवृत्ती चढवण्याआधी एकदा तसे चालवून पाहायलाच हवे.

गुगलबद्दल आणखी दोन गोष्टी, कारण इंदुरात बहुतेक जण आधी तिकडेच धावतात. दरमहा मिळणारी २०० डॉलरची सवलत १ मार्च २०२५ पासून गेली आणि तिच्या जागी प्रत्येक सेवेला वेगळी मोफत मर्यादा आली. जुना हिशेब धरून बसू नये. दुसरे म्हणजे गुगलच्या अटींनुसार मिळालेले अक्षांश-रेखांश सलग ३० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाहीत. सभासदांच्या यादीत कायमचा रकाना करून ते भरणे अटींत बसत नाही. जिओपाय याबद्दल चकार शब्द काढत नाही, आणि तिने काढावा अशी अपेक्षाही नाही. हाक मारण्याची सोय तिची, अटी पाळण्याचे काम आपले. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून भरलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर चालणाऱ्या नॉमिनॅटिमचे निकाल साठवता येतात. श्रेय द्यावे लागते आणि ओडीबीएल परवाना पाळावा लागतो.

नॉमिनॅटिमशी नीट वागणे

नॉमिनॅटिमचा सार्वजनिक सर्व्हर देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालतो. त्याचे नियम थोडके आहेत: सेकंदाला जास्तीत जास्त एक हाक, आपली ओळख सांगणारा यूझर-एजंट, निकाल साठवून ठेवणे म्हणजे तोच पत्ता पुन्हा विचारावा लागू नये, आणि टाइप करता करता सुचवण्या दाखवण्यासाठी वापर अजिबात नाही. यांपैकी यूझर-एजंटच्या नियमाला जिओपायने दात दिले आहेत. काही नाव न देता वर्ग केला तर ती नकार देते. इतकेच नव्हे, दस्तऐवजातल्या उदाहरणांत आलेली नमुन्याची नावे जशीच्या तशी उतरवली तरीही नकार देते. 'स्पेसिफाय युअर ॲप नेम हिअर' हे त्यांपैकीच एक. ही लायब्ररीतली सर्वांत शहाणी ओळ म्हणावी लागेल. कारण हजार जण एकच नाव वापरू लागले की सर्व्हरच्या दृष्टीने तो एकच उपद्रवी ग्राहक ठरतो, आणि मग ते नाव अडवले जाते. तेव्हा ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', येतो, जिओपाय त्याचे जिओकोडर-इन्सफिशियंट-प्रिव्हिलेजेस करते, आणि वापरणाऱ्याला वाटते की आपली चावी चुकली. नॉमिनॅटिमला चावी नसतेच. असा ४०३ आला तर आधी यूझर-एजंट पाहावा: त्यात प्रोग्रामचे नाव, आवृत्ती आणि संपर्काचा ईमेल असावा, आणि तो कुठल्या तरी शिकवणीतून उचललेला नसावा.

वेळमर्यादा हीसुद्धा सुरुवातीलाच बदलावी. मूळ टाइमआउट एक सेकंदाचा आहे, आणि गर्दीच्या वेळी सार्वजनिक सर्व्हरला तेवढा वेळ पुरत नाही. वर्ग करताना तो १० ठेवला की जिओकोडर-टाइम्ड-आउटच्या बहुतेक तक्रारी मिटतात.

सेकंदाला एकच्या हिशेबाने ३,००० पत्त्यांना ५० मिनिटे लागतात. एकदाच करायचे असेल तर ठीक. दर आठवड्याला नवी यादी येत असेल तर स्वतःचा नॉमिनॅटिम बसवावा. जिओफॅब्रिक या संकेतस्थळावर ओपनस्ट्रीटमॅपची भारताची माहिती विभागवार मिळते. मध्य प्रदेश 'सेंट्रल झोन' मध्ये आहे, आख्खा भारत उतरवायची गरज नाही. मीडियाजिस यांची नॉमिनॅटिमची डॉकर प्रतिमा (सगळे आधीच बसवलेले तयार पॅकेज) घेऊन तिला त्या फाइलचा पत्ता दिला की आयात सुरू होते; डिस्क एसएसडी असेल तर काम लवकर उरकते. जिओपायमध्ये मग फक्त डोमेन 'लोकलहोस्ट:८०८०' आणि स्कीम 'एचटीटीपी' एवढे द्यायचे. बाकी कोड तसाच राहतो. डोमेन बाहेरून देण्याची ही सोय साधी वाटते, पण दुरुस्ती म्हणून तिचा उपयोग मोठा आहे. फोटॉनचा सार्वजनिक पत्ता कोमूटच्या डीई डोमेनवरून आयओ डोमेनवर गेला, तेव्हा ज्यांना लगेच नवी आवृत्ती चढवता येत नव्हती त्यांनी एका शब्दाच्या बदलात काम चालू ठेवले.

रेटलिमिटर: घसरायची जागा

एक सेकंदाचे अंतर राखण्यासाठी जिओपायमध्ये रेटलिमिटर आहे. जिओकोड त्यात गुंडाळायचे, किमान विलंब १ द्यायचा, आणि यादीवर फिरवायचे. पांडाज या पायथन पॅकेजच्या डेटाफ्रेमवर (तक्त्यावर) तर एका ओळीत होते. दस्तऐवजातही हेच उदाहरण आहे आणि सगळे तेच उतरवतात. आता त्याचे मूळ पर्याय पाहा: चूक झाली तर दोनदा पुन्हा प्रयत्न, दर प्रयत्नाआधी ५ सेकंद थांबणे, आणि तरीही जमले नाही तर अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्राम थांबवणारी चुकीची सूचना) गिळून टाकणे. गिळल्यावर हाती येते 'नन', म्हणजे पायथनमधले 'काहीच नाही'.

घोळ इथेच आहे. पत्ता सापडला नाही तरी जिओकोड 'नन' देते. म्हणजे 'असा पत्ता नकाशावर नाही' आणि 'सर्व्हरने आपल्याला हाकलून दिले' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी रकान्यात एकसारख्या दिसतात. वर, प्रयत्नांची पुनरावृत्ती सगळ्याच सेवा-चुकांवर होते. चावी चुकीची असणे, विनंती नाकारली जाणे, कोटा संपणे, हे सगळे वर्ग जिओकोडर-सर्व्हिस-एररच्याच पोटातले आहेत. चुकीची चावी पाच सेकंदांनी बरोबर होत नाही. तरी रेटलिमिटर दर पत्त्यामागे दोनदा पाच सेकंद थांबतो. ३,००० पत्त्यांचे होतात ३०,००० सेकंद, म्हणजे ८ तास २० मिनिटे. रात्री लावलेले काम सकाळी संपते, प्रोग्राम सुखरूप बाहेर पडतो, आणि फाइलमध्ये तीन हजार रिकाम्या ओळी असतात. लॉगमध्ये इशारे लिहिलेले असतात हे खरे. पण क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालायला, लावलेल्या कामाचा लॉग रात्री कोण वाचतो?

यातून बाहेर पडायला तीन गोष्टी कराव्या लागतात. एक, यादी सुरू करण्याआधी माहीत असलेला एक पत्ता, समजा राजवाडा, रेटलिमिटरशिवाय सरळ विचारावा. चावी, यूझर-एजंट, नेट यांतले काही बिघडले असेल तर अपवाद तिथेच, पहिल्या सेकंदाला समोर येतो. दोन, स्वॅलो-एक्सेप्शन्स हा पर्याय 'फॉल्स' करावा आणि अपवाद स्वतः पकडावे: टाइमआउट आणि अनअव्हेलेबल असेल तर पत्ता मागाहून करण्याच्या यादीत टाकावा, अधिकाराची किंवा विनंतीची चूक असेल तर काम तिथेच थांबवावे. तीन, फाइलमध्ये अक्षांश-रेखांशाशेजारी 'स्थिती' असा रकाना ठेवावा आणि त्यात सापडला, सापडला नाही, सेवा चुकली, यांपैकी एक लिहावे. पुढच्या फेरीत फक्त तिसऱ्या प्रकारचे पत्ते विचारले की सर्व्हरवरचा भारही वाचतो.

४२९ आला, म्हणजे 'फार वेगाने हाका मारताय', तर जिओपाय २.२ पासून जिओकोडर-रेट-लिमिटेड हा वेगळा अपवाद देते आणि सर्व्हरने 'किती वेळाने या' हे सांगितले असेल तर ते रिट्राय-आफ्टर या गुणात ठेवते. सोय उत्तम. पण खुद्द रेटलिमिटर त्या आकड्याकडे पाहत नाही, आपले पाच सेकंदच धरून बसतो. तो आकडा पाळायचा तर अपवाद पकडून स्वतः थांबावे लागते. आणखी एक बारीक खाच: चुकीनंतरचा विलंब किमान विलंबापेक्षा कमी चालत नाही. किमान विलंब ६ ठेवला आणि दुसरा तसाच ५ राहू दिला तर प्रोग्राम सुरूच होत नाही.

हा मूळ पर्याय उलटा असायला हवा, असे स्पष्ट मत आहे. लायब्ररीने बाकी सगळीकडे आवाज करून थांबण्याची शिस्त पाळली आहे. ती याच एका जागी सोडली.

इंदूरचे पत्ते

इथे चूक बहुधा लायब्ररीची नसते, तरी शिव्या तीच खाते. 'रामबाग' एवढेच विचारले तर जयपूरचा रामबागही येऊ शकतो. म्हणून देशाचा कोड 'आयएन' द्यावाच, शिवाय व्ह्यूबॉक्स, म्हणजे शोधाची चौकट, लावावा: दक्षिण-पश्चिम कोपरा २२.६, ७५.७ आणि उत्तर-पूर्व कोपरा २२.८५, ७६.०, आणि चौकटीबाहेरचे काही येऊ नये म्हणून बाउंडेड 'ट्रू'. यात इंदूर शहर बसते, महू बसत नाही, कारण ते २२.६ च्याही दक्षिणेला आहे. महूचे पत्ते असतील तर खालची सीमा २२.५ करावी. महूबद्दल दुसरी काळजी अशी की त्याचे अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर आहे आणि उत्तरात कोणते नाव येईल ते सेवेवर अवलंबून. होशंगाबादचे नर्मदापुरम, महाराष्ट्रात अहमदनगरचे अहिल्यानगर, अशा नावबदलांनंतर उत्तरातल्या शहराच्या नावाची अक्षरशः तुलना करून 'बरोबर' ठरवणारे कोड एका सकाळी अचानक फसते. तुलना बिंदूंच्या अंतराची करावी, नावांची नाही.

पत्ता पाठवण्याआधी तो धुऊन घ्यावा. 'टाकीजवळ', 'मंदिराच्या मागे', 'के सामने', 'दुसरा मजला' हे सगळे काढावे. नॉमिनॅटिम शब्द न् शब्द जुळवायला पाहते आणि एक जास्तीचा शब्द सापडणारा पत्ता हरवून टाकतो. रचलेली विचारणा, म्हणजे रस्ता, शहर, राज्य, पिनकोड वेगवेगळे देणे, पिनकोड नक्की माहीत असेल तेव्हाच करावी. चुकीच्या पिनकोडने चांगला पत्ता मारला जातो. लांबलचक पत्ता सापडला नाही तर डावीकडून एकेक तुकडा गाळत जावे: आधी घर क्रमांक, मग इमारत, मग गल्ली. शेवटी वसाहत उरते, लोकमान्य नगर किंवा सुदामा नगर, आणि ती सहसा सापडते.

मात्र सापडले ते घर की वसाहतीचा मध्यबिंदू, हे तपासायला हवे. ओपनस्ट्रीटमॅपवर इंदूरचे घर क्रमांक फार थोडे आहेत, त्यामुळे अनेकदा वसाहतीचाच बिंदू हाती येतो आणि तो अगदी अचूक असल्यासारखा सहा-सात दशांशांपर्यंत छापलेला असतो. रॉमधला बाउंडिंगबॉक्स इथे कामी येतो. त्याचे चार आकडे म्हणजे सापडलेल्या गोष्टीचा विस्तार. दोन टोकांमधले अंतर ५०० मीटरहून जास्त असेल तर ते घर नव्हे हे निश्चित; असा पत्ता फोन करून विचारायच्या यादीत टाकावा. गुगलमध्ये हेच काम लोकेशन-टाइप करतो: 'रूफटॉप' असेल तर घर, 'अप्रॉक्सिमेट' असेल तर नुसता परिसर. भाषेसाठी लँग्वेज 'एमआर' दिली तर जिथे नकाशावर मराठी नाव भरले आहे तिथे ते येते. जिथे नाही तिथे दुसऱ्या भाषेतले येते. ते नाव ओपनस्ट्रीटमॅपवर आपणच भरू शकतो, आणि इंदूरच्या मराठी वस्त्यांसाठी ते भरण्यासारखे आहे.

अक्षांश आधी, रेखांश नंतर, हा जिओपायचा क्रम. जिओजेसन या नकाशा-माहितीच्या फाइल-प्रकारात नेमका उलटा. इंदूर आहे २२.७२, ७५.८६ वर. उलटे टाकले तर ७५.८६ हा अक्षांश ९० च्या आत असल्याने लायब्ररी हू की चू करत नाही आणि तुमचा डबा नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात पोचतो. गुवाहाटीचे आकडे उलटे टाकले असते तर रेखांश ९१ च्या पुढचा म्हणून २.० पासून व्हॅल्यूएरर आला असता. मध्य प्रदेशाला ते संरक्षण नाही. म्हणून साठवण्याआधी एक साधी अट लिहावी: अक्षांश २१ ते २७, रेखांश ७४ ते ८३, याच्या बाहेरचे काही आत घ्यायचे नाही.

अंतरासाठी जिओडेसिक वापरावे; ते डब्ल्यूजीएस-८४ लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या किंचित चपट्या आकारावर, मोजते. ग्रेट-सर्कल पृथ्वी गोल धरते, वेगाने चालते, आणि तिची चूक सुमारे अर्ध्या टक्क्यापर्यंत जाते. शहरातल्या शहरात ती चालून जाते. दोन्ही अंतरे सरळ रेषेतली आहेत. रस्त्याने किती पडेल हे जिओपाय सांगत नाही, त्यासाठी वेगळी सेवा लागते. फोनच्या जीपीएसचे बिंदू उंचीसकट देऊ नयेत: दोन बिंदूंची उंची वेगळी असली की अंतर न मोजता ती व्हॅल्यूएरर देते.

चालू ठेवणे

प्रोग्रामच्या गरजांच्या फाइलमध्ये जिओपायची आवृत्ती २.४.१ अशी पक्की लिहावी, आणि हेही ध्यानात ठेवावे की त्याने फक्त लायब्ररी गोठते, पलीकडची सेवा गोठत नाही. काल चाललेले कोड एक अक्षर न बदलता आज मोडू शकते. त्यामुळे दोन प्रकारच्या चाचण्या लागतात. पहिली नेटशिवाय चालणारी: सेवेची खरी उत्तरे एकदा फाइलमध्ये साठवायची आणि रॉ वाचणारे आपले फंक्शन त्यांवर तपासायचे. दुसरी नेटवर, आठवड्यातून एकदा: न हलणारी पाच-सहा ठिकाणे घ्यावी, राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, रेल्वे स्टेशन, विमानतळ, आणि मिळालेला बिंदू आपल्याकडच्या नोंदीपासून ३०० मीटरच्या आत आहे का ते पाहावे. पहिली मोडली तर चूक आपली. पहिली पास होऊन दुसरी मोडली तर सेवा बदलली. हा निवाडा दोन मिनिटांत होतो, एरवी दिवस जातो. जिओपायच्या स्वतःच्या चाचण्यांतही हीच विभागणी आहे: खऱ्या सेवांवरच्या चाचण्या वेगळ्या, आणि नेट लागणाऱ्या वगळण्यासाठी पर्याय दिलेला. चाव्या ज्याने त्याने आपापल्या आणायच्या.

सेवेने उत्तराची मांडणी बदलली आणि दुरुस्त आवृत्ती यायची असेल, तर त्या सेवेच्या वर्गाचा उपवर्ग करून त्यातले पार्स-जेसन एवढेच बदलता येते. सेवेचा सगळा कारभार एका फाइलमध्ये असल्याने ती वाचायला अर्धा तास पुरतो. पण ही आतली, दस्तऐवजात नसलेली पद्धत आहे. पुढच्या छोट्या आवृत्तीतही ती बदलू शकते. म्हणून उपवर्गावर तारीख आणि कारण टिपून ठेवावे, तीच दुरुस्ती मूळ प्रकल्पाला पुल-रिक्वेस्ट (कोडमध्ये घेण्याची विनंती) म्हणून द्यावी, सोबत सेवेचे नवे उत्तर जोडावे. नुसते 'चालत नाही' लिहून काही होत नाही. चालवणारे मोजके स्वयंसेवक आहेत आणि प्रत्येक सेवेची चावी त्यांच्याकडे असेलच असे नाही. तुमच्याकडे आहे, तर तुमचे उत्तर हाच त्यांचा पुरावा.

गुगलबाबत एक वेगळा मुद्दा: नकार देतानाही गुगल एचटीटीपी २०० च पाठवते आणि नकार उत्तराच्या आत 'रिक्वेस्ट-डिनाइड' असा लिहिलेला असतो. जिओपाय तो आतला शब्द वाचून अपवाद उठवते. जे लोक लायब्ररी टाळून सरळ रिक्वेस्ट्सने हाक मारतात ते नेमके इथे फसतात.

उणिवाही सांगायला हव्यात. भारतीय सेवांचे वर्ग नाहीत. मॅपमायइंडिया, म्हणजे मॅपल्स, हवे असेल तर स्वतः लिहावे लागते. डाक विभागाने मे २०२५ मध्ये आणलेला दहा अक्षरांचा डिजिपिन तर बाहेरच्या सेवेविनाच अक्षांश-रेखांशावरून काढता येतो. तो जिओपायच्या शेजारी स्वतंत्र फंक्शन म्हणून ठेवणे सोपे. असिंक वापराची, म्हणजे एकाच वेळी अनेक हाका मारण्याची, सोय चांगली आहे, पण नॉमिनॅटिमच्या एक-सेकंदाच्या नियमापुढे तिचा उपयोग नाही.

बिंगचा वर्ग २.४.१ मध्ये अजून आहे, आणि तो पाहून कुणी नवे काम सुरू करू नये. बिंग मॅप्सची मोफत खाती ३० जून २०२५ ला बंद झाली. पैसे भरणाऱ्यांना ३० जून २०२८ पर्यंत मुदत आहे. मायक्रोसॉफ्ट अझ्युर मॅप्सकडे जायला सांगते, आणि जिओपायमध्ये तो वर्ग तयार आहे. बदलताना बिंगची एपीआय-की जाऊन सबस्क्रिप्शन-की येते. हाक तशीच राहते. अवघड भाग रॉमध्ये आहे. बिंग प्रत्येक उत्तराला 'हाय', 'मीडियम', 'लो' असा भरवसा लावत असे. अझ्युरचा वर्ग टॉमटॉमच्या वर्गावरून बेतलेला आहे, त्यातून आकड्यातला 'स्कोअर' येतो, आणि या दोन्हींचा एकमेकांशी ठरलेला मेळ नाही. ज्यांचे घर प्रत्यक्ष माहीत आहे असे पन्नास पत्ते घ्यावे, अझ्युरला विचारावे, स्कोअर आणि खऱ्या बिंदूपासूनचे अंतर शेजारी मांडावे, आणि कोणत्या स्कोअरखालचे पत्ते फोन करून विचारायचे ती रेघ त्यावरून नव्याने ओढावी.